337 टन आणि मागे राहिलेली माती: भोपाळच्या बंद कारखान्यातल्या कचऱ्याचं प्रकरण

1 जानेवारी 2025 च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या फाटकातून बारा कंटेनर बाहेर पडले. सोबत पोलिसांच्या गाड्या, रुग्णवाहिका, अग्निशमन दलाचे बंब, आणि पुढे वाहतूक अडवून मोकळा ठेवलेला रस्ता. सुमारे 250 किलोमीटर कापून तो ताफा पहाटे धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला पोचला. कंटेनरमध्ये 337 टन विषारी कचरा होता. दुसऱ्या दिवशी बातम्यांचा सूर एकच होता: चाळीस वर्षांनी भोपाळमधलं विष गेलं.

या प्रकरणाकडे मी वळलो तो त्या 'गेलं' या शब्दापाशी अडखळून. काय गेलं, किती गेलं, कुठे गेलं आणि जागेवर काय राहिलं, हे सगळं आकड्यांत मांडता येतं. मांडलं की दिसतं, की इतकी वर्षं ज्याच्यावर भांडण चाललं तो या कामातला सगळ्यांत सोपा भाग होता.

दोन वेगळ्या गोष्टी

आधी एक घोळ मिटवायला हवा, कारण पुढचं निम्मं भांडण त्याच्यातूनच झालं आहे. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री टाकी क्रमांक 610 मध्ये पाणी शिरलं आणि सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे एमआयसी, बाहेर पडला. हजारो माणसं मेली. जी वाचली त्यांतली कित्येक अजून छातीचे आणि डोळ्यांचे आजार भोगत आहेत. हा वायू पाण्याशी झपाट्याने संयोग पावतो, तो मातीत वर्षानुवर्षं टिकून राहत नाही. दुसऱ्या टाकीत उरलेला एमआयसीसुद्धा त्याच महिन्यात कारखाना पुन्हा चालवून, त्याचं कीटकनाशक बनवून संपवण्यात आला. त्या मोहिमेला 'ऑपरेशन फेथ' असं नाव होतं आणि त्या दिवसांत भीतीने लाखो लोक शहर सोडून गेले होते.

कचरा ही त्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे, आणि ती त्या रात्रीच्या कितीतरी आधी सुरू झाली. कारखाना 1969 पासून चालू होता. तिथे सेव्हिन, म्हणजे कार्बारिल हे कीटकनाशक, तयार व्हायचं. कार्बारिल आणि लिंडेन हे दुसरं कीटकनाशक एकत्र करून सेव्हिडॉल नावाचं पिकांवरचं औषधही व्हायचं. एखादा घाणा फसला, भट्टीच्या तळाशी डांबरासारखा साका राहिला, एखादी पिशवी फाटली, की तो माल आवारातच खड्ड्यात जायचा. 1977 मध्ये कारखान्याच्या उत्तरेला, रेल्वे रुळांच्या पलीकडे, सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी मोठे तलाव बांधले. तळाला प्लॅस्टिकचं अस्तर होतं. ते गळू लागल्याचं दुर्घटनेच्या आधीच कंपनीच्या लक्षात आलं होतं. म्हणजे 1984 ची रात्र घडली नसती, तरी या जागेवर साफसफाईचं एक मोठं काम उभं राहिलंच असतं. ते असंच राहून गेलं, कारण त्या रात्रीनंतर या कारखान्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वायूच यायचा.

मालकीची साखळीही इथे थोडक्यात सांगायला हवी. अमेरिकन कंपनीने 1994 मध्ये भारतीय कंपनीतला आपला हिस्सा विकला. 1998 मध्ये जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली. 2001 मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली. प्रत्येक टप्प्यावर कागदावरचं नाव बदललं, पण गोण्या आणि पिंपं होती तिथेच राहिली. भिंतीला भगदाडं पडली, पोरं आत क्रिकेट खेळायला जाऊ लागली, गवत खायला शेरडं-गुरं शिरू लागली. वस्त्यांतल्या हापशांना लाल रंग लावून 'पाणी पिऊ नये' असं सांगण्यात आलं. दुसरं पाणी नव्हतं, म्हणून बायका त्याच लाल हापशावर हंडे भरत राहिल्या. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतंत्र आदेश देऊन स्वच्छ पाणी पुरवायला सांगावं लागलं.

शेडमधला माल

त्याच वर्षी मध्य प्रदेश उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि पुढच्या वर्षी, 2005 मध्ये, आवारात विखुरलेला माल गोळा करून आतल्याच एका शेडमध्ये रचला गेला. तो साडेतीनशे टनांच्या आसपास भरला. याशिवाय चुन्याचा गाळ निघाला, तो सुमारे 40 टन. हा गाळ 2008 मध्ये फारसा गाजावाजा न होता पीथमपूरला नेऊन खंदकात पुरला. पुढच्या दोन दशकांत ज्या 337 टनांचं नाव ऐकू येत राहिलं, तो शेडमधला माल.

त्यात नेमकं काय होतं? जानेवारी 2025 मध्ये सरकारने दिलेली फोड अशी: 162 टन माती, 92 टन सेव्हिन आणि नॅफ्थॉल या त्याच्या कच्च्या मालाचा अवशेष, 54 टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक, 29 टन रिॲक्टरमधला साका.

या चार आकड्यांपाशी थांबावं असं मला वाटतं. मूळ रसायनांचा माल, म्हणजे शेवटचे तीन आकडे मिळून, 175 टन. बाकीची 162 टन निव्वळ माती. कारखान्यात माती तयार होत नव्हती. पिंपं गंजली, गोण्या कुजल्या, पावसाचं पाणी त्यांतून झिरपलं आणि खालची जमीन मालात जमा झाली. कचऱ्यापैकी जवळपास निम्मा भाग कारखाना बंद पडल्यावरच्या दुर्लक्षाने वाढला, असं मी म्हणतो तेव्हा त्याला हा आधार आहे. कारखाना बंद झाल्याच्या वर्षीच तो माल झाकला असता, तर हा ढीग कितीतरी लहान राहिला असता.

दुसरं म्हणजे, या चार प्रकारांना एकच इलाज लागू पडत नाही. बंद कारखाना साफ करताना पहिलं काम यादी करण्याचं असतं, उचलण्याचं नंतर. प्रत्येक विषाची वाट वेगळी असते. जुन्या बॉयलरच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टण असतं. ते जाळून नष्ट होत नाही. ते ओलं करून, तंतू हवेत उडू न देता काढावं लागतं, दुहेरी पिशवीत बंद करून पुरावं लागतं. पारा भट्टीत घातला तर 357 अंश सेल्सिअसला उकळून वायूबरोबर धुराड्याकडे निघतो, तो तिथे पकडावा लागतो. लिंडेनसारखी क्लोरीनची कीटकनाशकं मात्र जाळायलाच लागतात आणि तीही नीट. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात 1100 अंशांच्या आसपास तापमान आणि वायूला तिथे निदान दोन सेकंद थारा मिळायला हवा. त्यानंतर तो वायू झटकन थंड व्हायला हवा, कारण 450 ते 200 अंशांच्या पट्ट्यात तो रेंगाळला तर जळून गेलेल्या तुकड्यांतून डायॉक्सिन ही अतिविषारी संयुगं पुन्हा जुळतात. सेव्हिनच्या रेणूत क्लोरीन नाही, म्हणून ते तुलनेने सरळ जळतं. पण त्याच आवारातल्या मातीत क्लोरोबेन्झीन, लिंडेनचे भाऊबंद आणि सांडलेला पारा आढळलेला आहे. जी माती फावड्याने ओढून पोत्यात भरली, तिच्यात हे सगळं थोडं थोडं आलेलं असणार. माती हा त्या ढिगातला सगळ्यांत निरुपद्रवी दिसणारा आणि भट्टीवाल्यासाठी सगळ्यांत बेभरवशाचा भाग.

आमच्या गावात नको

शेड भरल्यापासून कंटेनर निघेपर्यंत वीस वर्षं गेली. ती जाण्याचं कारण तांत्रिक नव्हतं.

आधी गुजरातमधल्या अंकलेश्वरची भट्टी ठरली. गुजरात सरकारने होकार दिला आणि लोकांचा विरोध झाल्यावर तो मागे घेतला. मग 2011 मध्ये नागपूरजवळ बोरखेडीला संरक्षण संशोधन संस्थेची भट्टी पुढे आली. तेव्हा विदर्भात केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. राज्य सरकार विरोधात उभं राहिलं, प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं आणि तोही बेत बारगळला. 2012 मध्ये जर्मनीच्या जीआयझी या संस्थेमार्फत हा माल विमानाने हॅम्बुर्गला नेऊन जाळायचं मंत्रिगटाने मान्य केलं, अंदाजे 25 कोटी रुपयांत. तिथेही लोक विरोधात उभे राहिले, इकडे अटींवर एकमत होईना, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीआयझीने माघार घेतली.

राहिली पीथमपूरची भट्टी. तिथे आधी केरळमधल्या एका कीटकनाशक कारखान्याचा मिळताजुळता कचरा जाळून बघितला. मग ऑगस्ट 2015 मध्ये भोपाळचा 10 टन माल चाचणी म्हणून जाळला. उत्सर्जन मर्यादेत असल्याचं प्रदूषण मंडळाने सांगितलं. त्यानंतर नऊ वर्षं पुन्हा काहीच हललं नाही. 2024 मध्ये केंद्राने या कामासाठी 126 कोटी रुपये दिले. भागाकार केला तर टनामागे सदतीस लाखांच्या वर जातो. बारा वर्षांपूर्वी हॅम्बुर्गचा हिशेब टनाला सात लाखांच्या आसपास होता.

नागपूरकर, अंकलेश्वरकर किंवा हॅम्बुर्गकर यांना मी दोष देत नाही. ज्या प्रश्नाची उत्तरं कुणी त्यांना नीट दिली नाहीत, त्याच्याबद्दल त्यांनी 'नको' म्हणणं स्वाभाविक होतं. आत काय आहे, किती वेळ जळणार, धुराड्यातून काय निघतंय ते आम्हाला रोज कळेल का, राख कुठे जाणार, हे चार प्रश्न लोक प्रत्येक ठिकाणी विचारत होते. उत्तर म्हणून मिळायचं ते 'सगळं सुरक्षित आहे' एवढंच.

चार आठवडे

3 डिसेंबर 2024 ला, दुर्घटनेला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, उच्च न्यायालयाने सरकारला फटकारलं आणि चार आठवड्यांत माल हलवायला सांगितलं. वीस वर्षं न हललेलं काम मग डिसेंबरच्या शेवटच्या तीन-चार दिवसांत झालं.

ते कसं झालं ते जवळून बघण्यासारखं आहे. सुमारे शंभर माणसं कामाला लावली. अंगभर पांढरा झगा, मुखवटा, हातमोजे. एका वेळी अर्धा तासच शेडमध्ये राहायचं, मग बाहेर यायचं, विश्रांती घ्यायची, आरोग्य तपासणी करून घ्यायची, दुसरी तुकडी आत. रसायनाशी संयोग न होणाऱ्या जाड पिशव्यांत माल भरायचा. शेडमध्ये जिथे पोती ठेवली होती तिथली धूळही खरवडून भरली गेली. अशा झग्यात माणूस लवकर घामाघूम होतो, मुखवट्यातून श्वास जड लागतो, दमला की मुखवटा सैल करायचा मोह होतो. अर्ध्या तासाची पाळी ही नुसती औपचारिकता नव्हे, ती या कामाची खरी शिस्त आहे, आणि इथे ती पाळली गेली याचं मला मनापासून समाधान आहे. हेच काम 2005 मध्ये पहिल्यांदा झालं तेव्हाही याच शिस्तीची गरज होती.

पीथमपूरला मात्र माल पोचला तो लोकांशी बोलण्याआधी. 3 जानेवारीला गाव बंद झालं, मोर्चे निघाले, आणि दोन माणसांनी अंगावर ज्वलनशील द्रव ओतून घेतलं. दोघेही भाजले. तिथल्या कित्येकांच्या मनात हे कंटेनर म्हणजे 1984 चा वायूच होता. वायू त्यांच्यात नव्हता. पण ते सांगायला माणूस गेला नव्हता, कंटेनर गेले होते. न्यायालयाने 6 जानेवारीला सरकारला सहा आठवडे दिले ते लोकांचे गैरसमज दूर करण्यासाठी. तोवर कंटेनर भट्टीच्या आवारात बंद उभे राहिले. डिसेंबरमध्येच हे सहा आठवडे काढले असते, तर दोन माणसं भाजली नसती असं मला वाटतं.

भट्टी

28 फेब्रुवारीपासून चाचण्या सुरू झाल्या. प्रत्येक वेळी 10 टन. पहिल्यांदा ताशी 135 किलो, मग 180, मग 270. सावकाश सुरुवात करून वेग वाढवत नेण्याची ही पद्धत योग्य होती, कारण भट्टी कोणत्या वेगाला धडपडते ते असंच कळतं. तिन्ही वेळा उत्सर्जन मर्यादेत राहिल्याचं मंडळाने न्यायालयाला सांगितलं. उरलेले 307 टन 5 मेपासून घालायला घेतले आणि 29-30 जूनच्या मध्यरात्री संपले.

ताशी 270 किलोने 307 टनांना साधारण 1137 तास लागतात, म्हणजे सत्तेचाळीस दिवस. प्रत्यक्षात पंचावन्नच्या आसपास लागले, म्हणजे भट्टी बरीच सलग चालली. वीस वर्षं वाट पाहणं आणि आठ आठवडे जाळणं. त्याच सुमाराला भोपाळहून आलेला, मातीत मिसळलेला आणखी 19 टन कचरा तिथे जाळायचा होता. शेडची मोजणी चालू असताना खालची जमीन पुन्हा एकदा वजनकाट्यावर आली.

आणि मग राख. 337 टन जाळल्यावर राख आणि इतर अवशेष मिळून 800 टनांहून जास्त भरले.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही आकडा चुकला असं वाटलं. तो चुकलेला नाही. माती जळत नाही, ती तापून राख म्हणूनच बाहेर येते, म्हणजे 162 टनांतला मोठा भाग तसाच परत मिळणार. वर आम्लधर्मी वायू मारायला चुना घालावा लागतो, पारा आणि डायॉक्सिन धरायला सक्रिय कोळसा लागतो. हे सगळं अवशेषातच जमा होतं. सेंद्रिय विष मोडलं हे खरं आणि महत्त्वाचं आहे. धातू मात्र मोडत नाहीत. भट्टीत गेलेलं शिसं किंवा पारा एक तर धुराड्यातून गेला, नाही तर राखेत आहे. ही राख गळू न शकणाऱ्या शेडमध्ये पोत्यांत भरून ठेवली, पुढे अस्तर घातलेल्या खंदकात पुरायची असं ठरलं. म्हणजे एका शहरातल्या शेडमधून निघालेला माल दुसऱ्या गावातल्या शेडमध्ये आला, दुपटीहून जास्त वजनाचा झाला, आणि आधीपेक्षा बराच कमी घातक झाला. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पीथमपूरच्या लोकांना त्या याच शब्दांत सांगायला हव्या होत्या.

जे मोजलं गेलं नाही

आता मूळ आवाराकडे येतो. नागपूरची नीरी आणि हैदराबादची एनजीआरआय या संस्थांनी 2010 च्या सुमारास केलेल्या अभ्यासात तिथल्या दूषित मातीचा अंदाज 11 लाख टन असा दिला होता. त्याच्या शेजारी 337 टन ठेवून बघा. दर दहा हजार किलोंमागे जेमतेम तीन किलो भरतात. आणि माती जागच्या जागी गप्प बसत नाही. दर पावसाळ्यात पाणी तिच्यातून खाली उतरतं, आणि म्हणून वस्त्यांतले बोअर आणि हापसे वर्षागणिक दूषित ठरत गेले.

11 लाख टन माती कुणी भट्टीत घालणार नाही, घालूही नये. इथे कामाची रीत वेगळी असते. पुरलेले खड्डे शोधून सगळ्यांत दाट विष असलेला गाभा खणून काढायचा. बाकीची जमीन झाकायची, म्हणजे पावसाचं पाणी तिच्यात शिरणार नाही. भूजल कुठल्या दिशेला वाहतंय ते विहिरी पाडून बघायचं, आणि गरज असेल तिथे ते उपसून शुद्ध करत राहायचं, वर्षानुवर्षं. या कामाला कंटेनरचा ताफा नसतो, शेवटचा दिवस नसतो, छायाचित्रात दाखवण्यासारखं काही नसतं. तमिळनाडूत कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातही हेच दिसलं. पारा मिसळलेला सुमारे 290 टन माल 2003 मध्ये जहाजाने अमेरिकेला गेला. जमिनीतल्या पाऱ्याचा वाद त्यानंतर कितीतरी वर्षं चालू राहिला.

भोपाळमध्ये उचलता येणाऱ्या कचऱ्यावर याचिका, मंत्रिगट, परदेशी संस्था, 126 कोटी आणि हजार पोलीस खर्ची पडले. खाली मुरलेल्या कचऱ्याला साधी कुंपणाची भिंतही नीट लाभली नाही. उत्तरेच्या त्या तलावांच्या आजूबाजूला घरं झाली आहेत.

3 डिसेंबर 2024 चा आदेश शेडपुरता नव्हता. कारखान्याची संपूर्ण जागा साफ करा आणि तिथला सगळा विषारी कचरा काढा, असं त्यात म्हटलं आहे.